पुरावा कोणी द्यायचा?

२०१९ सालच्या जुलै महिन्यात, पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर, मौना केआ पर्वताच्या पायथ्याशी काही वृद्ध स्त्री-पुरुष वर जाणाऱ्या रस्त्यावर खुर्च्या टाकून बसले. शिखरावर तीस मीटर व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारायची होती आणि तिची अवजड यंत्रसामग्री त्याच रस्त्याने वर जाणार होती. १७ जुलै रोजी पोलिसांनी तीसहून अधिक जणांना अटक केली. त्यांतील बहुतेकजण नातवंडे असलेले, पांढऱ्या केसांचे होते. काहींना तर उचलूनच न्यावे लागले. कोणीही प्रतिकार केला नाही. आंदोलकांनी स्वतःवर जी शिस्त घालून घेतली होती तिला ते 'कापू आलोहा' म्हणतात. प्रतिपक्षाशीही प्रेमाने व संयमाने वागण्याचे ते व्रत आहे. सत्याग्रहाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

हवाई बेटे आपल्यापासून हजारो मैल दूर आहेत. तेथील एका पर्वतावरून चाललेल्या वादाची दखल एका मराठी पक्षपत्राने का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. ह्या वादात आपण त्रयस्थ नाही. ह्या दुर्बिणीच्या प्रकल्पात अमेरिकेतील विद्यापीठे, जपान आणि कॅनडा यांच्याबरोबर भारत सरकार भागीदार आहे. २०१४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या सहभागासाठी सुमारे १,३०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था, नैनितालची आर्यभट्ट संस्था आणि आपल्या पुण्यातील 'आयुका' ह्या तीन संस्थांवर भारताच्या वाट्याचे काम सोपवलेले आहे. म्हणजे त्या रस्त्यावरून ज्या वृद्धांना उचलण्यात आले ते ज्या प्रकल्पाच्या वाटेत बसले होते, त्यात तुमच्या-आमच्या कराचा पैसा आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ही घटना कानी आली तेव्हा आपल्यातील अनेक पुरोगामी मंडळींची पहिली प्रतिक्रिया दुर्बिणीच्या बाजूची होती. एका बाजूला विश्वाचे कोडे उलगडणारे विज्ञान आणि दुसऱ्या बाजूला डोंगराला पवित्र मानणारे लोक. मग समाजवाद्याने कोणाची बाजू घ्यावी, हा काय प्रश्न झाला? आमच्या मते हा प्रश्न असा मांडण्यातच चूक आहे. डोंगर खरोखर पवित्र आहे की नाही हे ठरवण्याच्या आधी तो डोंगर कोणाचा, तो दुसऱ्याच्या हाती कसा गेला आणि तेथे काय व्हावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हे विचारावे लागते. हवाईत गेली सुमारे पावणेदोनशे वर्षे पुरावा नेहमी ज्याचे गेले त्याच्याकडून मागितला जातो. ज्याने नेले त्याच्याकडून मागितला जात नाही. तेथील पवित्र स्थळांच्या सर्व वादांच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही अनेक वर्षे भूमी, श्रम आणि भांडवल ही उत्पादनाची साधने म्हणून शिकवली. हवाईच्या भाषेत भूमीला 'आइना' म्हणतात आणि तिचा शब्दार्थच मुळी 'जी भरवते ती' असा आहे. डोंगरमाथ्यापासून समुद्रातील प्रवाळापर्यंत पसरलेल्या जमिनीच्या पट्ट्याला 'आहुपुआआ' म्हणत. वर रान, मध्ये पाटाच्या पाण्यावर पिकणारा तारो नावाचा कंद, खाली मत्स्यतळी आणि समुद्र, असा तो जगण्याचा संपूर्ण घटक असे. ही व्यवस्था समतेची होती असे म्हणणे खोटे ठरेल. वर सरदार होते, खाली राबणारी रयत होती, आणि कडक निषेधही होते. परंतु जमीन विकण्याची वस्तू नव्हती, आणि रयतेला तिच्यावरून हुसकावून लावून ती मोकळी करणे हा व्यवहार ठाऊक नव्हता.

१८४८ साली राजा तिसरा कामेहामेहा याच्या कारकिर्दीत, परदेशी सल्लागारांच्या मार्गदर्शनाखाली, 'महेले' म्हणजे वाटणी झाली. राजाला सुमारे १० लाख एकर, सरकारला सुमारे १५ लाख एकर आणि सरदारांना सुमारे १६ लाख एकर जमीन मिळाली. १८५० च्या कायद्याने रयतेला स्वतः कसत असलेल्या तुकड्याची मालकी मागण्याची मुभा दिली खरी. पण त्यासाठी मोजणी करून घ्यायची, तिचा खर्च सोसायचा, साक्षीदार आणायचे आणि मुदतीत दावा दाखल करायचा, अशा अटी होत्या. कागद ही गोष्टच ज्यांना नवी होती त्यांच्यापैकी सुमारे ८ हजार जणांना मिळून अवघी २८,६०० एकर जमीन मिळाली. एकूण भूमीच्या एक टक्क्याहूनही हा वाटा कमी आहे. त्याच वर्षी परकीयांना जमीन खरेदीचा अधिकार मिळाला. आपल्याकडे इंदापूर तालुक्यापासून ब्रिटिशांची नवी मोजणी व जमाबंदी सुरू झाली ती ह्याच्या थोडी आधी. कागदावर नाव चढणे आणि जमीन हातात राहणे ह्यांतील अंतर किती असते, हे सावकाराच्या वहीतून शिकलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको.

पुढचा इतिहास साखरेचा आहे. अमेरिकेत विनाजकात साखर पाठवण्याची सवलत १८७५ च्या कराराने मिळाली आणि उसाच्या मळ्यांनी बेटे व्यापली. १७ जानेवारी १८९३ रोजी मळेवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या एका गटाने राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. त्या वेळी अमेरिकी युद्धनौकेवरील सशस्त्र सैनिक होनोलुलूत उतरलेले होते, आणि अमेरिकेच्या वकिलाचा ह्या उठावाला पाठिंबा होता. १८९७ मध्ये अमेरिकेत विलीन होण्याविरुद्ध एकवीस हजारांहून अधिक मूळ रहिवाशांनी अर्जावर सह्या केल्या. त्या दशकात मूळ हवाईयनांची संख्या, परकीयांबरोबर आलेल्या रोगांनी घटत घटत, चाळीस हजारांच्या आसपास उरली होती. म्हणजे निम्म्या समाजाने लेखी नकार दिला होता. तरीही १८९८ साली विलीनीकरण झाले आणि राजाच्या व सरकारच्या मिळून सुमारे १८ लाख एकर जमिनी अमेरिकेच्या ताब्यात गेल्या. सरकारी भाषेत त्यांना 'सुपूर्द केलेल्या जमिनी' म्हणतात. कोणी सुपूर्द केल्या? ज्यांनी राणीला खाली खेचले त्यांनी.

शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून ह्या कृत्याबद्दल माफी मागितली आणि मूळ हवाईयनांनी आपल्या भूमीवरील हक्क कधीही सोडलेला नव्हता हे मान्य केले. पण २००९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, त्या माफीमुळे ह्या जमिनी विकण्याचा हवाई राज्याचा अधिकार कमी होत नाही. माफी खरी आणि जमीनही आपलीच, असा हा न्याय आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्यावर मग हवाईच्या गावोगावी, वाडीवाडीत चाललेले तंटे समजू लागतात. एकोणिसाव्या शतकात मिळालेल्या त्या लहान तुकड्यांना 'कुलेआना' म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. हक्क आणि जबाबदारी ह्या दोहोंसाठी त्या भाषेत तो एकच शब्द आहे. हे तुकडे मोठ्या मळ्यांच्या पोटात अडकले. वारस वाढत गेले, खातेफोड झाली नाही आणि मळेवाल्यांनी प्रतिकूल कब्जाच्या कायद्याने कित्येक तुकडे गिळले. हा प्रकार इतका वाढला की १९७८ च्या राज्यघटना दुरुस्तीने प्रतिकूल कब्जा पाच एकरांपुरता मर्यादित करावा लागला.

मळे गेले, मालक बदलले, पण रीत तीच राहिली. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी २०१४ मध्ये कौआई बेटावर सुमारे ७०० एकर जमीन घेतली. तिच्या आत असे काही कुलेआना तुकडे होते. २०१६ च्या डिसेंबरात, मालकी निर्वेध करून घेण्यासाठी, त्यांच्या कंपन्यांनी शेकडो सहवारसांविरुद्ध दावे दाखल केले. अशा दाव्यात ज्याला आपला हिस्सा टिकवायचा असेल त्याने वंशावळ सिद्ध करायची, वकील द्यायचा, आणि अखेरीस लिलावात बोली लावायची असते. गदारोळ झाल्यावर जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी दावे मागे घेतले. पण एका सहवारसाने एक दावा पुढे चालू ठेवला, आणि २०१९ साली झालेल्या न्यायालयीन लिलावात एकाच मूळपुरुषाचे वंशज परस्परांविरुद्ध बोली लावताना दिसले. शेजाऱ्याशेजाऱ्यांत, भावाभावांत जे तंटे दिसतात त्यांचे खरे पक्षकार पुष्कळदा त्या खोलीत हजरच नसतात.

आता पवित्र स्थळांकडे वळू. येथेही आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हवाईयनांच्या दृष्टीने पवित्र स्थळ म्हणजे केवळ 'हेइआऊ', म्हणजे दगडी चौथऱ्याचे देवस्थान, एवढेच नसते. पूर्वजांच्या अस्थी जेथे पुरल्या आहेत ती वाळू पवित्र असते. त्या अस्थी हलवणे म्हणजे त्या भूमीशी असलेले नाते तोडणे होय. नेमके किनाऱ्यावरचे वाळूचे उंचवटे दफनासाठी वापरलेले आणि नेमके तेच हॉटेलवाल्यांना हवेसे, म्हणून संघर्ष अटळ झाला. माउई बेटावरील होनोकाहुआ येथे हॉटेल बांधताना १९८० च्या दशकाच्या अखेरीस हजाराच्या आसपास दफने उकरली गेली. १९८८ च्या अखेरीस लोक रस्त्यावर उतरले. खोदकाम थांबले, हॉटेल किनाऱ्यापासून मागे सरकले, अस्थी पुन्हा पुरल्या गेल्या, आणि १९९० मध्ये दफनांच्या रक्षणाचा कायदा होऊन बेटोबेटी दफनमंडळे स्थापन झाली.

कायदा झाला म्हणून प्रश्न सुटला असे झाले नाही. कौआईच्या उत्तर किनाऱ्यावर नाउए येथे एका खासगी घराच्या जागेत सुमारे तीस दफने आढळली. २००८ मध्ये स्थानिक दफनमंडळाने ती जागच्या जागी राखावीत असे ठरवले. त्याचा अर्थ शासनयंत्रणेने असा लावला की काही दफनांवर काँक्रीटचे आच्छादन घालून घर बांधता येईल. आसपासच्या लोकांनी प्रार्थना केल्या, जागेवर ठाण मांडले, खटले ओढवून घेतले. घर मात्र उभे राहिले. ओआहू बेटावर 'एच-३' महामार्ग हालावा खोऱ्यातील प्राचीन स्थळांजवळून नेण्यात आला तो तर संरक्षक कायद्यालाच बगल देऊन. १९८६ साली अमेरिकी काँग्रेसने ह्या एका रस्त्यापुरती कायद्यातून सूट दिली. खोऱ्यात स्त्रिया ठाण मांडून बसल्या, तरी सुमारे १३० कोटी डॉलर खर्चाचा तो मार्ग १९९७ मध्ये खुला झाला.

ह्या सर्व घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ निवेदनांनी एकही स्थळ वाचलेले नाही. जेथे लोक प्रत्यक्ष जागेवर जाऊन बसले तेथेच काही हाती लागले. काहोओलावे बेटाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९४१ पासून अमेरिकी नौदल ह्या बेटाचा बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापर करीत होते. जानेवारी १९७६ मध्ये काही तरुण बंदी मोडून बेटावर उतरले आणि पुढे पुन्हा पुन्हा उतरत राहिले. चळवळीतील गायक-नेता जॉर्ज हेल्म आणि त्याचा साथी किमो मिचेल हे मार्च १९७७ मध्ये समुद्रात नाहीसे झाले. १९९० मध्ये बॉम्बफेक थांबली, १९९४ मध्ये बेट राज्याला परत मिळाले. दहा वर्षांच्या सफाईनंतरही बेटाचा मोठा भाग पूर्णपणे सुरक्षित झालेला नाही. परंतु परत मिळालेल्या त्या बेटावर व्यापारी वापराला कायद्याने बंदी आहे. ज्यांनी पावित्र्याच्या नावाने ते मागितले त्यांनी ते विकण्यासाठी मागितले नव्हते.

'कब्जा' ह्या शब्दाचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. होनोलुलूजवळील सँड आयलंडवर झोपड्या बांधून राहणाऱ्या हवाईयनांना १९८० मध्ये हटवण्यात आले. वाइमानालोच्या किनाऱ्यावरून १९८५ मध्ये, माकुआच्या किनाऱ्यावरून १९९६ मध्ये, तशाच कुटुंबांना उठवले गेले. हे अतिक्रमण. आता दुसरी बाजू पाहा. १९६४ साली राज्याने मौना केआच्या पायथ्याकडील पोहाकुलोआ येथील सुमारे २३ हजार एकर जमीन लष्कराला ६५ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खंड एकूण एक डॉलर. १९६८ साली मौना केआच्या माथ्यावरील ११ हजारांहून अधिक एकर जमीन विद्यापीठाला ६५ वर्षांसाठी दिली. खंड वर्षाला एक डॉलर. ह्या त्याच 'सुपूर्द केलेल्या' जमिनी. मूळ रहिवाशांनाही वर्षाला एक डॉलर खंडाने घरासाठी जमीन देण्याचा कायदा १९२१ साली झाला आणि त्यासाठी सुमारे दोन लाख एकर राखून ठेवण्यात आले. मात्र उसाची उत्तम जमीन त्यातून वगळली गेली आणि अर्जदाराच्या अंगात निम्मे हवाईयन रक्त असल्याचा पुरावा मागण्यात आला. शंभर वर्षांनंतरही प्रतीक्षायादीवरील नावे २८ हजारांच्या घरात आहेत. कित्येकजण यादीवर असतानाच वारले. लष्कराला आणि विद्यापीठाला रांगेत उभे राहावे लागले नाही आणि रक्ताचा दाखलाही द्यावा लागला नाही. आज मूळ हवाईयनांपैकी निम्म्याहून अधिक लोक हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात, कारण स्वतःच्या बेटावर घर घेणे त्यांना परवडत नाही.

येथवर बाजू स्पष्ट दिसते. पण समाजवादी पत्राने आपल्याला गैरसोयीच्या गोष्टी झाकू नयेत. अशा तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट जमीनसुधारणेची. १९६० च्या दशकात हवाईच्या विधिमंडळाला आढळले की ४९ टक्के जमीन राज्य व केंद्र सरकारकडे आहे आणि ४७ टक्के अवघ्या ७२ खासगी मालकांकडे. १९६७ साली कायदा झाला. घराखालची जमीन भाडेपट्ट्याने घेणाऱ्यांना ती सक्तीने विकत मिळावी अशी त्यात तरतूद होती, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. वाचताना हे कूळकायद्याचे भावंड वाटते. पण ज्या जमिनी गेल्या त्यांतील मोठा वाटा, राजकन्या बर्निस पौआही हिने हवाईयन मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या न्यासाचा होता. आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांत होनोलुलूच्या सुखवस्तू उपनगरांतील घरमालक पुष्कळ होते. तो न्यासही निर्दोष नव्हता. १९७१ मध्ये कालामा खोऱ्यातील वराहपालक व लहान शेतकरी ह्यांना उठवून तेथे वसाहत उभारू देणारा तोच होता, आणि त्या हकालपट्टीच्या विरोधातूनच आधुनिक हवाईयन चळवळ जन्माला आली. ह्यातून शिकायचे ते इतके की, 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा योग्य असली तरी ज्याच्याकडून ती आधी हिसकावली गेली त्याचा हिशेब न करता केलेली सुधारणा दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडू शकते.

दुसरी गोष्ट श्रमिकांची. उसाच्या मळ्यांवर चीन, जपान, फिलिपाईन्स, पोर्तुगालमधून मजूर आणले गेले. १९२० साली जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी एकत्र संप केला. १९४६ च्या संपाने मळेवाल्यांची सद्दी मोडली. हा कामगारवर्गाच्या इतिहासातील अभिमानाचा भाग आहे. त्या मजुरांची नातवंडे आज बेटांवर शिक्षक, आमदार, बांधकाम-कामगार, घरमालक आहेत. एच-३ असो वा दुर्बीण, रोजगार मिळतो म्हणून बांधकाम-कामगारांच्या संघटनांनी प्रकल्पांची बाजू घेतली. त्यांना शत्रू मानणे अन्यायाचे होईल; आणि त्यांच्या रोजगारासाठी दुसऱ्याच्या पूर्वजांच्या अस्थी उकराव्यात हेही अन्यायाचेच. मळेवाल्यांनी एकेकाळी एका वंशाचा मजूर दुसऱ्याविरुद्ध उभा केला होता. रोजगार विरुद्ध पावित्र्य ही आजची मांडणी त्याच जातीची आहे.

तिसरी गोष्ट खुद्द समाजातील मतभेदांची. २०१९ साली वाइमानालोच्या किनाऱ्यावरील हुनानानिहो येथे क्रीडांगण करण्याचा होनोलुलू नगरपालिकेचा बेत लोकांनी रोखला आणि दोन डझनांहून अधिक जणांना अटक झाली. पण मुलांना खेळायला जागा हवी म्हणणारेही त्याच वस्तीत होते, आणि त्यांतही हवाईयन होते. दुर्बिणीचे समर्थन करणारे हवाईयनही आहेत. पूर्वजांचा आवाज एकाच तोंडातून येतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. शिवाय पावित्र्याच्या नावाने दुसऱ्याची जागा बळकावण्याचे राजकारण काय असते, हे आपल्या देशाने पुरते अनुभवले आहे. त्यामुळे 'पवित्र' हा शब्द उच्चारला की विचार थांबवायचा, ही आमची भूमिका नाही.

मग कसोटी कोणती? आमच्या मते तीन प्रश्न विचारावेत. दावा करणारा बळजोर आहे की ज्याचे आधीच हिरावले गेले तो? दाव्याने दुर्बळ शेजारी बेघर होतो, की बलवान मालकाचा विस्तार थांबतो? आणि ती जागा मिळाल्यावर ती बाजारात जाणार आहे, की बाजारातून बाहेर राहणार आहे? होनोकाहुआ, काहोओलावे आणि मौना केआ येथील दावे ह्या तिन्ही कसोट्यांना उतरतात. बहुसंख्येच्या बळावर अल्पसंख्याकाच्या प्रार्थनास्थळावर सांगितलेला दावा पहिल्याच कसोटीला कोसळतो. वाइमानालोसारख्या प्रसंगी, जेथे दोन्हीकडे गरजू माणसेच आहेत तेथे, त्या वस्तीने एकत्र बसून, घाई न करता निर्णय करणे हाच मार्ग आहे. पोलिसांच्या गाड्या हा त्याला पर्याय होऊ शकत नाही.

मौना केआचा वाद ह्या प्रकाशात पाहिला म्हणजे तो विज्ञानाविरुद्ध नाही हे पटते. ज्यांचे पूर्वज ताऱ्यांच्या आधारे महासागर ओलांडून ह्या बेटांवर आले, आणि ज्यांच्या 'होकुलेआ' नौकेने १९७६ मध्ये कोणत्याही उपकरणाविना ताहितीपर्यंत प्रवास करून ती विद्या पुन्हा जागवली, त्यांना आकाशाचे वावडे कसे असेल? समुद्रसपाटीपासून ४,२०५ मीटर उंचीच्या त्या माथ्यावर एकामागून एक अशा १३ दुर्बिणी उभ्या राहिल्या. राज्याच्याच लेखापरीक्षकाने १९९८ मध्ये विद्यापीठाच्या ढिल्या देखभालीवर ताशेरे ओढले होते. नव्या दुर्बिणीची इमारत अठरा मजल्यांच्या उंचीची. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा परवाना रद्द केला, कारण आक्षेपांची सुनावणी होण्यापूर्वीच तो देण्यात आला होता. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने नवा परवाना वैध ठरवला. म्हणजे कायद्याने दुर्बिणीचा मार्ग मोकळा झाला होता. तरीही २०१९ मध्ये हजारो लोक पायथ्याशी जमले. तेथे त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघर, दवाखाना आणि खुले विद्यापीठ चालवले. परवाना आणि संमती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी जगाला दाखवून दिले.

त्याचा परिणामही झाला. २०२२ मध्ये पर्वताच्या कारभारासाठी नवे प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. त्यात मूळ हवाईयनांना स्थान मिळाले आणि २०२८ मध्ये पूर्ण अधिकार त्याच्याकडे जायचे आहेत. त्याच कायद्याने खगोलसंशोधन हे राज्याचे धोरण असल्याचेही म्हटले आहे; म्हणजे दार बंद केलेले नाही. २०२४ पर्यंत दोन जुन्या दुर्बिणी उतरवण्यात आल्या. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने आपल्या अर्थसंकल्पी प्रस्तावात ह्या दुर्बिणीला पुढच्या टप्प्यात नेले नाही, आणि स्पेनने ती आपल्या ला पाल्मा बेटावर यावी म्हणून ४० कोटी युरो देऊ केले. विज्ञानाला दुसरी वाट असू शकते हे ह्यातून दिसते. त्या वृद्धांना मात्र दुसरा मौना केआ नाही.

आता आपल्या सरकारविषयी. एप्रिल २०१३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरी पर्वताबाबत निर्णय दिला. डोंगराला देव मानणाऱ्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या श्रद्धेवर खाणीचा आघात होतो की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे असे न्यायालयाने सांगितले. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगरात देव आहे का, ह्याचा निवाडा करायला न्यायालय बसले नाही. तो प्रश्न कोणी सोडवायचा एवढेच त्याने ठरवले, आणि ते ठरवताना पुराव्याचे ओझे दुर्बळाच्या डोक्यावरून उतरवले. त्यानंतर दीड वर्षाच्या आत त्याच देशाच्या मंत्रिमंडळाने मौना केआवरील प्रकल्पाला पैसा मंजूर केला. घरी ग्रामसभा आणि परदेशी भागीदारीत केवळ परवाना, असे दोन न्याय एका देशाला शोभत नाहीत.

पुण्याच्या आणि बंगळूरच्या शास्त्रज्ञांबद्दल आमच्या मनात अनादर नाही. आरशांचे तुकडे घासून तयार करण्याचे जे कौशल्य ते आत्मसात करीत आहेत ते देशाला हवेच आहे, आणि ते कौशल्य डोंगर बदलला तरी वाया जात नाही. परंतु शास्त्रज्ञ हाही नागरिक आहे. ज्या जागी उपकरण बसवायचे ती जागा कशी मिळाली, हे विचारणे त्याच्या शास्त्राबाहेरचे असेल, त्याच्या विवेकाबाहेरचे नाही.

म्हणून आमची मागणी मर्यादित आणि स्पष्ट आहे. मूळ हवाईयनांची संमती मिळाल्याशिवाय मौना केआवर बांधकाम सुरू करण्यास भारत राजी होणार नाही, असे सरकारने संसदेत जाहीर करावे. भागीदारांच्या सभेत भारताच्या प्रतिनिधींनी आजवर कोणती भूमिका घेतली, तिचे निवेदन प्रसिद्ध करावे. आणि संमती मिळत नसेल तर पर्यायी जागेचा आग्रह भारतानेच धरावा. तेथेही स्थानिकांना आधी विचारून.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी कित्येकजण धरणग्रस्तांच्या, आदिवासींच्या, झोपडपट्टीवासीयांच्या लढ्यांत उभे राहिले आहेत. सातबारावर ज्याचे नाव नाही त्याला 'तुझा पुरावा काय?' असे अधिकाऱ्याने विचारलेले त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. तोच प्रश्न आज हवाईच्या एका रस्त्यावर, खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईला विचारला जात आहे, आणि विचारणाऱ्यांच्या रांगेत आपल्या देशाचेही नाव आहे. ते नाव कोणत्या अटीवर तेथे राहावे हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण पैसा आपला आहे. हवाईच्या भाषेत हक्क आणि जबाबदारी ह्यांना एकच शब्द आहे हे आपण वर पाहिलेच. तो शब्द ह्या प्रसंगी आपल्यालाही लागू पडतो.